स्वस्त रोप आणि महाग वर्षें

मृग नक्षत्र लागलें म्हणजे आमच्या नागपुरांत दोन गोष्टी न चुकतां घडतात. पहिली ही कीं, पाऊस आज येतो कीं उद्यां येतो म्हणून सारें शहर आकाशाकडे डोळे लावून बसतें आणि तो बहुधा आठदहा दिवस चकवितो. दुसरी ही कीं, पाऊस येवो अगर न येवो, महालांत, धंतोलींत, रामदासपेठेंत आणि धरमपेठेंत रोपांच्या हातगाड्या मात्र ठरल्या वेळीं हजर होतात. दोन महिने उन्हानें भाजून निघालेल्या डोळ्यांना ती हिरवी गाडी अशी कांहीं निववते कीं, स्वयंपाकघरांतील मंडळी पदराला हात पुशीत फाटकाशीं येतात, मुलें गाडीभोंवतीं कोंडाळें करतात, आणि एरवीं कोथिंबिरीच्या जुडीसाठीं घासाघीस करणारें घर पांच मिनिटांत चार कुंड्यांचें धनी होऊन बसतें.

अलीकडे या गाड्यांना मोठे भागीदार मिळाले आहेत. ज्या विस्तीर्ण दुकानांत डाळ, साबण, चादरी आणि भांडीं एकाच छपराखालीं मिळतात, तेथें दाराशींच रोपांची एक मांडणी असते आणि तिच्यावर सवलतीची पाटी झळकत असते. घरबसल्या मागणी नोंदविली तर पुठ्ठ्याच्या खोक्यांत बसून झाडें दाराशीं येतात. दुसऱ्या बाजूला जुन्या पद्धतीची रोपवाटिका आहेच. तेथें मुद्दाम जावें लागतें, माळ्याची वाट पाहावी लागते, भाव अधिक असतो आणि तो फारसा उतरत नाहीं. तेव्हां झाड घ्यावें तरी कोठून, या प्रश्नावर प्रत्येक एकत्र कुटुंबांत दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, माहितीच्या ठिकाणाहून घ्या. तरुण मंडळी म्हणतात, तेंच झाड तिसऱ्या हिश्श्याच्या किंमतींत मिळत असतां अधिक पैसे कशासाठीं मोजावे? दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. आमचा स्वतःचा निकाल मात्र युक्तिवादानें झालेला नाहीं. तो एका फळाच्या फोडीनें झाला. ती हकीकत प्रथम सांगतों.

सात वर्षांपूर्वीं आमच्या आत्याबाईंना पंचाहत्तरावें वर्ष लागलें. त्यांचें माहेर, म्हणजे आमचेंच मूळ घर, काटोलकडचें. वडिलोपार्जित बाग वांटणींत गेली, पुढें विकली गेली, आणि आत्याबाई शहरांत आल्या. परंतु संत्र्याचा मोसम आला कीं बाजारांतलें कोणतेंही फळ त्यांच्या पसंतीस उतरत नसे. "आपल्या विहिरीवरच्या झाडाची सर नाहीं याला," हें वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. म्हणून घरांत सर्वांच्या मतें ठरलें कीं, त्यांच्या वाढदिवसाला परसांत संत्र्याचीं झाडें लावावीं. दुसऱ्याच दिवशीं गाडी दाराशीं आली. गाडीवाल्यानें तीन कलमें दाखविलीं, 'अस्सल नागपुरी' म्हणून शपथ घेतली, आणि एका कलमाच्या रोपवाटिकेंतल्या भावांत तीनही देऊ केलीं. आम्हांला आपल्या व्यवहारकुशलतेचें कौतुक वाटलें. झाडें लावलीं. आत्याबाईंनीं स्वतः पहिलें पाणी घातलें.

पहिल्या उन्हाळ्यांत तीनही कलमें वरून वाळलीं. आम्ही हळहळलों, पण पाऊस पडतांच बुंध्याशीं जोमदार फूट आली आणि सर्वांना आनंद झाला. आत्याबाई म्हणाल्या, "जीव धरला हो यांनीं." त्यानंतर तीं झाडें जीं सुटलीं तीं विचारूं नका. कांटे बरेच होते, पण कांटे कोणत्या संत्र्याला नसतात, असें आम्हीं मनाचें समाधान केलें. कोंवळ्या फुटीवर आणि कळ्यांवर एक जांभळट झांक असे. ती आम्हांला शोभेची वाटली. गेल्या वर्षीं कार्तिकांत फळ पिकलें. रंग पाहावा तर भगवा, साल ढिली, सोलतांच फोडी अलग होणाऱ्या. पहिलें फळ देवापुढें ठेवलें, मग आत्याबाईंच्या हातीं दिलें. त्यांनीं फोड तोंडांत घातली, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहींत. आम्हीं आतुरतेनें विचारलें, "कसें आहे?" त्या म्हणाल्या, "लोणचें घालायला फार उत्तम."

फळ लिंबासारखें आंबट होतें.

त्या फळांची एक डहाळी घेऊन आम्ही एका जुन्या रोपवाटिकेच्या माळ्याकडे गेलों. त्यानें पान हातांत चुरगळून हुंगलें, फळ पाहिलें, आणि हंसूं आवरीत म्हणाला, "हा संत्रा नाहीं जी. हें रंगपुरी लिंबू होय. तुमचा डोळा मेला अन् खुंट राह्यला. सहा वर्षं तुम्हीं खुंटालेच पाणी घातलं."

हें वाक्य समजण्यासाठीं संत्र्याचें कलम म्हणजे काय हें ठाऊक असावें लागतें. आणि नागपुरांत जन्म काढूनही तें आम्हांला ठाऊक नव्हतें, हें कबूल करण्यास लाज वाटते. संत्र्याचें कलम हें दिसावयास एक झाड असलें तरी वस्तुतः तीं दोन झाडें आहेत. खालचा भाग, ज्याला खुंट म्हणतात, तो दुसऱ्याच जातीचा असतो. आपल्या विदर्भांत बहुधा रंगपूर लिंबू किंवा जंबेरी या जातींच्या बियांपासून खुंटरोपें करतात, कारण त्यांचीं मुळें आपल्या जमिनींत तग धरून राहतात. रोपाचा बुंधा पेन्सिलीएवढा जाड झाला म्हणजे हिवाळ्यांत त्याच्या सालीला चीर देऊन तींत चांगल्या संत्र्याच्या झाडाचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेंतील सुप्त अंकुर, बसवितात आणि तो बांधून टाकतात. डोळा जिवंत झाला कीं त्याच्या वरचा खुंटाचा भाग छाटतात, आणि पुढें वाढतो तो संत्रा. म्हणजे पाया एकाचा आणि माडी दुसऱ्याची. माडी कोसळली तरी पाया मरत नाहीं. तो आपली स्वतःची फूट काढतो. आमच्या परसांत घडलें तें हेंच. वाळलें तें संत्र्याचें अंग होतें, आणि 'जीव धरला' तो लिंबानें. त्यांतही रंगपूर लिंबाचें फळ रंगानें, सालीनें व फोडींनीं संत्र्याच्या इतकें जवळ असतें कीं, जिभेवर ठेवल्यावांचून फसगत उघडी पडत नाहीं.

आतां यांत दोष कोणाचा? प्रथम आम्हीं तो सर्वस्वीं गाडीवाल्याच्या माथीं मारला. परंतु शांतपणें विचार केल्यावर हिशेब तितका सरळ राहिला नाहीं. त्यानें विकलीं तीं कलमेंच होतीं. बुंध्याशीं जोडाची गांठ होती, हें आम्हांला आठवतें. मात्र ती गांठ जमिनीपासून जेमतेम दोन बोटें वर होती, आणि मुळांभोंवतीं चिकणमातीचा गोळा थापून त्यावर गवत गुंडाळलें होतें. त्या गोळ्याच्या आंत मुळें किती उरलीं होतीं, हें गाडीवाल्यासही ठाऊक नसावें. त्यानें तीं दुसऱ्याकडून घाऊक घेतलीं होतीं आणि त्या दुसऱ्यानें तिसऱ्याकडून. उलट, पहिल्या उन्हाळ्यांत कलमांवर सावली न करणारे आम्ही. गांठीच्या खालून आलेली फूट खुडून टाकावयाची असते हें न जाणणारे आम्ही. आणि जांभळट कळ्या पाहून कौतुक करणारेही आम्हीच. तथापि एक गोष्ट खरी कीं, जाणत्या माळ्याकडून कलम घेतलें असतें, तर हें सारें त्यानें न विचारतां सांगितलें असतें, आणि पहिल्याच पावसाळ्यांत ती डहाळी त्याला दाखवितां आली असती. रोपवाटिकेच्या भावांतला जो अधिक भाग आम्हांला उधळपट्टी वाटला, त्यांत या सल्ल्याची किंमत होती. तो न घेतां आम्हीं पैसे वांचविले आणि सहा वर्षें खर्च केलीं.

कोणी म्हणेल, परसांतल्या तीन झाडांचें एवढें काय? घरांत लोणचें झालें, सरबत झालें, संपलें. आमच्यापुरतें तें खरें आहे. परंतु नागपूरचा संत्रा ही केवळ परसांतली हौस नव्हे. भोसल्यांच्या काळीं हें फळ इकडे आलें अशी पूर्वापार समजूत आहे. आज नागपूर जिल्ह्यांतील काटोल, नरखेड आणि कळमेश्वर, व अमरावती जिल्ह्यांतील वरूड आणि मोर्शी या तालुक्यांत हजारों कुटुंबांचा संसार त्यावर चालतो. २०१४ सालीं नागपुरी संत्र्याला भौगोलिक निर्देशांकाचें संरक्षण मिळालें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं अद्यापि गांवाकडे बाग आहे, किंवा निदान बागेंतला वांटा आहे. संत्र्याचीं झाडें वीस-वीस फुटांवर लावलीं, तर एका एकरांत सुमारें एकशेंदहा कलमें बसतात. आमच्या तीन झाडांऐवजीं एवढीं झाडें फसलीं, म्हणजे काय होईल याचा विचार करावा. संत्रा लावल्यापासून धड उत्पन्न हातीं येण्यास पांच-सहा वर्षें लागतात. तोंवर पाणी, खत, मजुरी आणि कर्जाचें व्याज हीं घरांतूनच जातात. सहाव्या वर्षीं कळावें कीं, कलम रोगट होतें, किंवा डोळा निकस झाडाचा होता. तर गेलेले पैसे कदाचित् पुन्हा मिळतील, पण मुलीच्या लग्नासाठीं किंवा मुलाच्या शिक्षणासाठीं ज्या वर्षांवर भिस्त ठेवली होती, तीं वर्षें कोणता सावकार परत देणार?

रोगाचा प्रकार तर याहूनही गहन आहे. संत्र्याचे कांहीं रोग डोळ्यांतूनच येतात. ट्रिस्टेझा नांवाचा विषाणु आणि ग्रीनिंग नांवाचा जिवाणूजन्य रोग हीं यांची उदाहरणें होत. बागेंत यांचा फैलाव मावा आणि सिला या किडींमुळें होतो हें खरें. पण ज्या झाडावरून डोळा घेतला तेंच रोगी असेल, तर रोप जन्मतःच रोग घेऊन येतें, आणि तें वर्ष-दोन वर्षें टवटवीतही दिसतें. दुसरा शत्रु जमिनींत राहतो. फायटोफ्थोरा या नांवाची बुरशी मुळें कुजविते आणि बुंध्यांतून डिंक गाळविते. आपले शेतकरी त्याला डिंक्या म्हणतात. ज्या जुन्या वाफ्यांत वर्षानुवर्षें तींच रोपें वाढवितात, तेथील मातींत ही बुरशी असण्याचा संभव मोठा; आणि रोपाच्या मुळांबरोबर ती नव्या बागेंत प्रवेश करते. म्हणूनच जाणते लोक सांगतात कीं, डोळा जमिनीपासून सुमारें नऊ इंच उंच भरलेला असावा. संत्र्याचें अंग या बुरशीला लवकर बळी पडतें, खुंट पुष्कळ सोसतो. तेव्हां पावसाचे शिंतोडे आणि साचलेलें पाणी पोंचेल तेथवर खुंटच असलेला बरा. आमच्या कलमांची गांठ दोन बोटांवर होती. पहिल्या उन्हांतून तीं वांचलीं असतीं, तरी पुढें डिंक्याच्या तावडींतून सुटलीं असतींच, असें म्हणवत नाहीं.

हे धोके डोळ्यांना दिसत नाहींत, आणि म्हणूनच कायद्याला मध्यें पडावें लागलें. महाराष्ट्रांत फळझाडांच्या रोपवाटिका व फळझाडांची विक्री यांचें नियमन करणारा कायदा १९६९ सालीं झाला. त्यान्वयें फळझाडांची रोपवाटिका चालविणाऱ्यास परवाना घ्यावा लागतो. आपल्या शहरांतच अमरावती मार्गावर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. १९८५ सालीं राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून ती स्थापन झाली. मातृवृक्षांची रोगतपासणी करून निरोगी डोळे घेणें, अंकुराच्या अगदीं टोंकाचें सूक्ष्म कलम करून विषाणुमुक्त झाडें तयार करणें, आणि वाफ्यांतील मातीऐवजीं निर्जंतुक केलेल्या मिश्रणांत, पिशव्यांतून रोपें वाढविणें, या गोष्टी तेथें शास्त्रशुद्ध रीतीनें चालतात. महाराजबागेजवळचें कृषि महाविद्यालय तर १९०६ पासून आहे. इतकी विद्या घराच्या उंबरठ्याशीं असतां आम्हीं झाडाची परीक्षा शपथेवरून करावी, हें आमच्या शिक्षितपणास शोभलें नाहीं. मात्र एक सूचना. अशा ठिकाणीं ऐन मृगांत जाऊन हात हलवीत परतण्यापेक्षां काहीं महिने आधीं चौकशी करून ठेवावी. चांगल्या कलमांना मागणी नेहमींच अधिक असते.

येथवर वाचून कोणी असा समज करून घेईल कीं, गाडीवरचें आणि दुकानांतलें रोप म्हणजे फसवणूक, आणि रोपवाटिकेंतलें तेवढें सोनें. आमचें म्हणणें तसें नाहीं. रोपवाटिकेच्या पाटीखालींही पुष्कळ वेळां केवळ आणून विकण्याचाच व्यापार चालतो. आंध्रांत राजमहेंद्रीजवळ कडियम म्हणून गांव आहे. तेथील रोपवाटिकांतून गाड्याच्या गाड्या भरून झाडें देशभर जातात. तींच झाडें एखाद्या ठिकाणीं शोभिवंत कुंडींत बसून तिप्पट भावानें आणि दुसऱ्या ठिकाणीं साध्या पिशवींत राहून स्वस्तांत विकलीं गेलीं, तर महाग घेणाऱ्यानें कुंडीचे पैसे दिले, झाडाचे नव्हेत. म्हणून भावाकडे पाहून गुण ठरवूं नये. विचारावयाचा प्रश्न एकच : "हें तुम्हीं केलेलें कीं आणलेलें?" ज्यानें रोप स्वतः केलें आहे, तो खुंट कोणता, डोळा कोणत्या झाडावरचा, कोणत्या महिन्यांत भरला, हें धडाधड सांगतो, आणि बहुधा तें मातृवृक्षही दाखवितो. ज्यानें आणलें आहे तो शपथ घेतो.

आमच्या मतें सारा विवेक एका विचारांत सांठविलेला आहे. जें डोळ्यांनीं पारखतां येतें तें कोठूनही घ्यावें. जें काळच पारखूं शकतो तें अशा माणसाकडून घ्यावें, जो त्या काळानंतरही त्याच जागीं भेटेल. तुळस, सदाफुली, झेंडू, शेवंती, अबोली, कोरफड हीं झाडें समोर दिसतात तींच असतात. त्यांत लपविण्याजोगें फारसें नाहीं, आणि एखादें दगावलें तर महिन्याभरांत कळतें व चार पैशांवर निभावतें. अशीं झाडें गाडीवरून अवश्य घ्यावीं. तो गाडीवाला उन्हांत चार मैल चालून आपल्या फाटकाशीं येतो. त्याचेंही घर या आठ आठवड्यांच्या विक्रीवर चालतें. त्याला उपाशी ठेवून आपली बाग फुलावी, असें आम्ही सुचविणार नाहीं. उलट, ज्या झाडांना आपली पारख पुरी पडते, त्यांत त्याच्याशीं फार घासाघीसही करूं नये.

मोठ्या दुकानांतल्या झाडांचें दुखणें निराळें असतें. तीं येतात तेव्हां बहुधा चांगलीं असतात. पण दिव्यांच्या उजेडांत, गार हवेंत, कधीं पाण्यावांचून तर कधीं पाण्यांत बुडून, आठवड्याभरांत त्यांचा जीव अर्धा होतो. माल कोणत्या दिवशीं येतो तें विचारून त्या दिवशीं घेतलें, तर सौदा फायद्याचा ठरूं शकतो. मात्र गार छपराखालून आणलेलें झाड एकदम नागपूरच्या उन्हांत ठेवूं नये. आधीं व्हरांड्यांत, मग कोंवळ्या उन्हांत, असें आठदहा दिवसांत बाहेर काढावें. आणि झाड कोठूनही आणलेलें असो, पंधरा दिवस तें इतर कुंड्यांपासून दूर ठेवावें. पानांच्या पाठीशीं पिठ्या ढेकूण लपून आले असतील, तर तेवढ्या अवधींत ते प्रकट होतात. एका स्वस्त जास्वंदीनें घरांतल्या साऱ्या जास्वंदी बसविल्याचीं उदाहरणें आमच्या आळींत आहेत.

गुलाब हा मधला प्रकार. फूल दिसतें म्हणून पारख झाली असें वाटतें. परंतु गुलाबही बहुधा रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरूनच केलेला असतो, आणि दोन वर्षांत खुंटानें वरच्या गुलाबाला गिळून टाकल्याची तक्रार घरोघर ऐकूं येते. तेव्हां गुलाब घेतांना जोड पाहावा, आणि घेतल्यावर जोडाखालची फूट दिसतांच मुळाशीं खुडावी. आंबा, संत्रा, लिंबू, चिकू, पेरू या फळझाडांची गोष्ट तिसरी. तेथें आपण झाड विकत घेत नसून दहा-वीस वर्षांचा भरंवसा विकत घेत असतों. शहरांतल्या परसांत झाडाला जागा ती एकच असते. तींत चुकीचें झाड उभें राहिलें, तर त्यानें केवळ आपले पैसे खाल्ले असें नव्हे, बरोबर झाडाची जागाही खाल्ली.

फळझाड घेतांना आम्ही आतां काय पाहतों, तें थोडक्यांत सांगतों. जोडाची गांठ वीतभर तरी उंच आहे ना, आणि ती भरून आलेली, सरळ आहे ना. जोडाखालीं फूट नाहीं ना. पिशवी उचलून तळ पाहावा. मुळें बाहेर येऊन वेटोळीं झालीं असतील, तर रोप फार दिवस अडकून पडलेलें आहे. बुंधा धरून हलकेंच हालवावा. माती न हालतां रोपच सैल हालूं लागलें, तर तें नुकतेंच पिशवींत खोंचलेलें आहे. मुळांभोंवतीं चिकणमातीचा घट्ट गोळा असेल, तर फळझाड घेऊंच नये. आणि सर्वांत उंच रोप उत्तम, ही समजूत सोडावी. मध्यम उंचीचें, पेन्सिलीहून थोड्या जाड बुंध्याचें रोप लवकर रुजतें.

लावतांना आपल्या काळ्या जमिनींत पाणी साचणार नाहीं अशी उंचवट्याची जागा निवडावी, आणि खड्डा भरल्यावर माती खालीं बसून जोड पुरला जाणार नाहीं याची काळजी घ्यावी. पहिल्या दोन उन्हाळ्यांत नैर्ऋत्येकडून तुराट्यांचा किंवा गोणपाटाचा आडोसा करावा, आणि आळ्यांत गवताचें आच्छादन पसरावें. आमच्या शहराचा पारा मे महिन्यांत पंचेचाळीस अंशांवर जातो; त्या उन्हांत कोंवळें कलम उघडें ठेवणें म्हणजे तान्ह्या मुलाला गच्चीवर निजविण्यासारखें आहे. पावसाळ्यापूर्वीं आणि पावसाळ्यानंतर बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावावें : एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. मोरचुदासाठीं मातीचें किंवा प्लास्टिकचें भांडें घ्यावें, लोखंडाचें नव्हे. आणि हें काम मुलांच्या हातीं देऊं नये.

असो. आमच्या परसांतल्या तीन लिंबांपैकीं दोन आम्हीं काढून टाकलीं. तिसरें आत्याबाईंनीं काढूं दिलें नाहीं. "त्याचा काय अपराध? आपण त्याला संत्रा म्हणालों, तें कधीं म्हणालें नाहीं," असें त्यांचें म्हणणें पडलें, आणि त्याच्या फळांचें सरबत आम्ही साऱ्या आळीला पाजतों. मोकळ्या झालेल्या जागीं यंदा एकच कलम लावलें. तें आणावयास आत्याबाई स्वतः आल्या. माळ्यानें खुंटाचें नांव सांगितलें, डोळा ज्या झाडावरून घेतला तें झाड दाखविलें, आणि एकदां येऊन आळें पाहून जाईन असेंही म्हणाला. भाव त्यानें एका पैशानें उतरविला नाहीं. परततांना आम्हीं भीतभीत म्हटलें, "आत्याबाई, याला फळ यायला पांच-सहा वर्षें लागतील." त्यांचें वय आज ब्याऐंशी आहे. त्या म्हणाल्या, "मोजतां येतं मला. म्हणून तर या वेळीं भाव केला नाहीं."

घरीं आल्यावर त्यांनीं त्या कलमाची पावती मागून घेतली. लग्नकार्यांच्या याद्या आणि देण्याघेण्याच्या नोंदी ज्या जुन्या वहींत आहेत, त्या वहीच्या पानावर ती चिकटविली, आणि खालीं आपल्या हातानें तिथि, रोपवाटिकेचें नांव, खुंटाचें नांव आणि जोडाची उंची लिहून ठेवली. पहिली फोड कोणीही खावो, झाड आंबट निघालें तर कोणाला जाऊन विचारावें, हें त्या वहींत सांपडेल. आमच्या वाचकांनीं यंदा फळझाड लावलें असेल, तर एवढें एक पान त्यांनींही आपल्या घरच्या वहींत अवश्य लिहून ठेवावें.